एक कागद, एक जागा

३ मार्च, मंगळवार

फोन म्हणतो, जागा संपली. सकाळपासून चार वेळा म्हणाला. माझ्या घरात राहतो, माझ्या विजेवर पोसला जातो आणि मलाच जागेचं ऐकवतो. सदतीस वर्षं मी इस्पितळाची रेकॉर्ड रूम सांभाळली. तिथे जागा कधीच नव्हती, पण मी कुणाला तसं म्हणून दाखवलं नाही. रॅक सरकवायचे आणि जागा करायची.

ही जागा ताईने खाल्ली आहे. चार वर्षांत चारशे बारा व्हॉइस मेसेज, सगळे स्वप्नांचे. लोक सकाळी उठून दात घासतात. माझी थोरली बहीण उठून मला रात्री पडलेलं स्वप्न सांगते. मी उलट एक शब्द पाठवते, 'ऐकलं.' पोच द्यावी हा माझा शिरस्ता. फार उत्तेजन देऊ नये, हाही.

हे गेले त्याच आठवड्यात तिला स्वप्नं पडायला लागली. वयाने होतं असं.

काल भाचीचा फोन आला. ताईच्या घशातली गाठ साधी नाही. सव्वीस तारखेला स्वरयंत्र काढणार. डॉक्टरांनी आतापासूनच बोलणं कमी करायला सांगितलंय, म्हणून रविवारपासून मेसेज नाही.

"म्हणजे आवाज?" मी विचारलं.

"आवाज जाईल मावशी. आई राहील."

भाची शाळेत शिकवते, त्यामुळे तिची वाक्यं फळ्यावर लिहिल्यासारखी असतात. फोन ठेवून मी कपाटातले सगळे कप धुतले. धुतलेलेच होते.

तर चारशे बारा मेसेज. सव्वीसच्या आत ते पक्क्या जागी गेले पाहिजेत. फोनचा काय भरवसा? पडतो, चोरीला जातो, चहात बुडतो. मी हजारो परक्यांचे एक्स-रे सांभाळलेत. सख्ख्या बहिणीचा आवाज सांभाळायला मला कुणी शिकवायला नको.

४ मार्च, बुधवार

शिकवायला लागलं. वरच्या मजल्यावरच्या डेंटिस्ट बाईंना जिन्यात गाठलं.

"सोप्पं आहे काकू. क्लाउडवर टाका."

"कुणाच्या?"

"कुणाच्या म्हणजे?"

"शेवटी ते कुणाच्या तरी इमारतीत, कुणाच्या तरी कपाटातच असणार ना? त्या खोलीची किल्ली कुणाकडे असते?"

त्या पायरीवरच थांबल्या. "मला हे आजवर कुणी विचारलं नाही."

"तुमच्याशी बोलणाऱ्यांच्या तोंडात तुमचा हात असतो, म्हणून."

हसल्या. बाई चांगल्या आहेत, फक्त हसताना स्वतःच्या दाढा दाखवतात, जाहिरात असल्यासारख्या. त्यांनी औषधाच्या चिठ्ठीवर चार कंपन्यांची नावं लिहून दिली.

७ मार्च, शनिवार

तीन दिवस अटी वाचतेय. शाळेत सिस्टर म्हणायच्या, सही करण्याआधी वाचावं आणि वाचण्याआधी चष्मा पुसावा. डेंटिस्ट बाई म्हणतात, अटी कुणी वाचत नसतं. मग लिहिणाऱ्याने काय पाप केलं होतं?

पहिली कंपनी फुकट. तिसाव्या परिच्छेदात हळूच म्हणते, 'सेवा सुधारण्यासाठी' आम्ही तुमचा मजकूर तपासू शकतो. ताईची स्वप्नं ऐकून ज्याची सेवा सुधारेल त्याला माझा दंडवत, पण नको.

दुसरी म्हणते, एकदाच पैसे भरा आणि जन्मभर निश्चिंत राहा. कुणाच्या जन्मभर? माझ्या की कंपनीच्या? कंपनीचं वय पाहिलं, सहा वर्षं. दुधाचे दात पडले नाहीत आणि जन्माच्या गोष्टी.

तिसरी म्हणते, वर्षभर फिरकला नाहीत तर सगळं पुसून टाकू. वा! आमच्याकडे एक बाई एकोणीस वर्षांनी आपल्या बाळंतपणाचा कागद मागायला आली होती. चार मिनिटांत काढून दिला.

चौथी महिन्याला थोडे पैसे घेते, माझ्या दोन पेपरांच्या बिलाहून कमी. तिथे ठेवलेलं कंपनीच्याही माणसांना उघडता येत नाही. किल्ली म्हणजे पासवर्ड. तो फक्त आपल्याकडे. 'तुम्ही तो हरवलात किंवा काही कायमचं पुसलंत, तर आम्हीही काही करू शकणार नाही.' इतकं सरळ वाक्य चारही पोथ्यांत दुसरं नाही. हिलाच घेतलं.

पासवर्ड लिहून ठेवायला अर्धा तास पेन्सिल शोधली. शेवटी डेंटिस्ट बाई दारातून म्हणाल्या, "काकू, तुमच्या अंबाड्यात आहे." कुणी खोचली कोण जाणे.

८ मार्च, रविवार

आजही मेसेज नाही. सकाळी घरात शांतता होती. बरं वाटलं. चहा दोनदा निवला.

११ मार्च, बुधवार

काम सुरू आहे. एकेक मेसेज चॅटमधून काढायचा, 'ताई' नावाच्या फोल्डरात ठेवायचा, क्रमांक द्यायचा. मग नोंदवहीत एक ओळ लिहायची, म्हणजे न ऐकता सापडेल. ओळ लिहायची तर ऐकायला हवं. म्हणून ऐकतेय.

दुपारी खिडकीजवळची खुर्ची घेते. ऊन आधी पायांवर येतं, मग मांडीवर. ताईचा आवाज ऐकता ऐकता खोलीच्या भिंती किंचित मागे सरकल्यासारख्या वाटतात. दोनदा डोळा लागला. नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

नोंदी अशा:

३८. शाळेचा व्हरांडा, घोट्याएवढं पाणी. पुस्तकं अनुक्रमे तरंगत जातात. मोजे हातात.

९७. कपाटामागे खोली सापडते. तिथे लहानपणी न झोपलेल्या सगळ्या दुपारी घडी घालून ठेवलेल्या. कापराचा वास.

१५५. बाबा छत्र्या दुरुस्त करतात. प्रत्येक छत्री उघडली की आत वेगळ्या गावचा आवाज.

२०४. चालक नसलेली बस, आत सोफे. तिकीट म्हणून झाडाची पानं. रस्ता संपतो तरी बस जातेच, हलकेच, पाण्यावरून.

ताईला सांगण्याची घाई नसते. मधेच थांबते, जणू पुढची पायरी पायाने चाचपून पाहतेय. "आणि मग... थांब हं... मग काय झालं असेल?" असं मलाच विचारते. मला काय माहीत? स्वप्न तिचं.

एक गोष्ट खटकते. जवळजवळ प्रत्येक स्वप्नात एक बाई असते. पाण्याच्या कडेला उभी, पुस्तकांचे क्रमांक तपासतेय. बसच्या थांब्यावर उभी, पण चढत नाही. "पानाला पावती म्हणत नाहीत," असं कंडक्टरला सुनावते. अंबाड्यात पेन्सिल खोचून जगभर फिरते. ताई तिला हाका मारते, ती नाक वर करून उभीच. कोण ही आगाऊ बाई? आणि ताई चार वर्षं तिच्या मिनतवाऱ्या का करतेय? मी असते तर बस कधीच सोडून दिली असती.

१३ मार्च, शुक्रवार

आज क्रमांक १ ऐकला. मुद्दाम शेवटी ठेवला होता.

हे गेल्यानंतरचा सहावा दिवस. ताई म्हणते, "काय गं सुई, ऐक. तुझे 'हे' आले होते स्वप्नात. धक्क्यावर उभे, चप्पल उलटसुलट घातलेली. म्हणाले, तिला सांगा, दिवा मालवून झोप म्हणावं. मी वाट चुकत नाही. बिल मात्र येतं." मग ती हसते आणि मधेच हसणं मोडतं.

मी तेव्हा दिवा लावूनच झोपत होते. ताईला कसं कळलं, देव जाणे. डेंटिस्ट बाईंना जिन्यातून माझी खिडकी दिसते आणि त्यांच्याकडे ताईचा नंबर आहे, पण त्या कशाला सांगतील?

त्या दिवसापासून दिवा मालवला. हे मी ताईला कधी सांगितलं नाही. पोच दिली होती तेवढी.

नोंद: १. हे, धक्का, दिवा, वीजबिल.

१५ मार्च, रविवार

झालं! चारशे बाराच्या चारशे बारा फायली क्लाउडवर. प्रत्येकीपुढे हिरवी खूण.

रेकॉर्ड रूमचा पहिला नियम मीच भिंतीवर लावला होता, 'एक कागद, एक जागा'. एका रोग्याचे दोन केसपेपर झाले की घोटाळा. एकावर लिहिलेलं दुसऱ्यावर नसतं आणि डॉक्टर भलत्याच पोटावर सुरी ठेवतो. जास्तीची प्रत सापडली की मी त्याच दिवशी फाडायची. तेव्हा चॅटमधले मेसेज कालच पुसले होते. आज क्लाउडवर खात्री केली आणि फोनमधलं फोल्डरही साफ केलं. फोनची कुरकुर थांबली.

दिवे लावायच्या वेळी क्लाउडमध्ये एक कचऱ्याचा डबा दिसला. चारशे बारा वस्तू, म्हणे. माझ्या रद्दी प्रती असणार. कचरा घरात वस्तीला ठेवायचा नाही, ही सिस्टरांची शिकवण. डबा रिकामा केला. 'नक्की?' असं विचारलं. नक्की म्हणजे नक्की.

सदतीस वर्षांत माझा एकही कागद हरवलेला नाही.

१६ मार्च, सोमवार

फोल्डर रिकामं आहे.

१७ मार्च, मंगळवार

कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला. बारा मिनिटं बासरी ऐकवली. मग एक माणूस आला. आवाज मऊ, झोपेतून उठवल्यासारखा.

"मॅडम, फोनमधलं फोल्डर आणि क्लाउडवरचं फोल्डर एकमेकांना बांधलेलं असतं. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. पण घाबरू नका, पुसलेलं तीस दिवस कचऱ्याच्या डब्यात राहतं."

"डबा मी रिकामा केला."

"कधी?"

"त्याच संध्याकाळी."

तो म्हणाला, "असं सहसा कुणी करत नाही मॅडम."

"तुमच्याकडे प्रत असेल."

"असती तरी किल्ली तुमच्याकडे आहे. आणि कायमचं पुसलेलं आम्ही ठेवत नाही. अटींमध्ये..."

"अटी मी वाचल्यात. तुमच्याहून जास्त वेळा."

त्याला दोन शब्द ऐकवायचे होते. पण त्याने खरंच सांगितलं होतं, आधीच, छापून. चूक त्याच्याकडे शोधली, सगळे रॅक पालथे घातले. नाही सापडली.

१८ मार्च, बुधवार

पहाटे वाटलं, ताई बोलतेय. पाण्याची मोटर होती.

१९ मार्च, गुरुवार

पहिल्या गाडीने ताईकडे आले. नोंदवही पिशवीत. वाटेत तीनदा ठरवलं, सांगायचं नाही. उतरल्यावर दारातच सांगितलं.

ताई खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. गळ्याला रुमाल. आवाज म्हणजे कागद चोळल्यासारखा.

"सगळी?" तिने विचारलं.

"चारशे बारा."

"आणि तू ती इतके दिवस ठेवली होतीस?"

मला वाटलं आता रागावेल. ती बघतच राहिली, मग डोळे पुसले. घसा दुखत असणार.

"तुझ्या फोनमध्ये असतील ना?" मी म्हटलं.

"माझा फोन म्हणजे डबडं. पाठवलं की पुसते. तू ऐकलंस, काम झालं."

"ताई, अशी बेशिस्त—"

"अगं सुई, हरवलंस तू आणि ओरडतेस मला?" असं म्हणून खोकेपर्यंत हसली. भाची आतून धावत आली.

मग मी नोंदवही काढली. चारशे बारा ओळी तर आहेत. सात दिवस आहेत. डॉक्टरांनी दिवसाला तासभर बोलायची सूट दिली आहे, तेही तुकड्यातुकड्याने. सगळी होणार नाहीत.

"तू निवड," ताई म्हणाली. "कपाटवाली तू आहेस."

२१ मार्च, शनिवार

निवडणं किती कठीण. केसपेपर निवडायचे नसतात, सगळेच ठेवायचे असतात.

आमची पद्धत अशी. खिडकीतली दोन खुर्च्यांची जागा. मी ओळ वाचते, ताई डोळे मिटते, भाचीचा फोन आमच्या मधे स्टुलावर. बाहेर कुणीतरी चादरी वाळत घालतं, त्यांच्या सावल्या आमच्या मांडीवरून जातात. ताई बोलायला लागली की मला वेळेचं भान राहत नाही.

पण साक्षीदार म्हणून ही बाई कुठल्याच कोर्टात टिकणार नाही. दोनशे चार वाचलं. बसमध्ये आता सोफ्यांऐवजी झोपाळे.

"सोफे होते," मी म्हटलं.

"होते का? झोपाळे बरे. पाण्यावरून जायचंय ना."

"बरे म्हणजे? जे होतं ते सांग."

"बरं बाई, सोफ्यांना झोपाळे बांधलेले होते. झालं?"

छत्र्यांमधून मूळ स्वप्नात गावांचे आवाज येत होते. आता म्हणते, प्रत्येक छत्रीत एकेक ऋतू. स्मरणशक्ती पार गेली आहे. मी दुरुस्त्या समासात लिहितेय. पेन्सिलवाल्या बाईला मात्र विसरत नाही. ती पुन्हा थांब्यावर उभी.

"एकदाची चढू दे की तिला," मी वैतागून म्हटलं.

"माझ्या हातात आहे का ते?" ताई म्हणाली आणि माझ्याकडे पाहून पुन्हा हसली.

२३ मार्च, सोमवार

भाची भाजी निवडताना म्हणाली, "आईला झोप कुठे येते मावशी? कित्येक वर्षं रात्रभर जागीच असते. उजाडलं की खिडकीत बसून राहते."

म्हणजे स्वप्नं मधल्या डुलकीत पडत असणार. डुलकीत जास्तच पडतात, वाचलंय मी कुठेतरी.

चष्म्याचं कापड शोधायला ताईचा ड्रॉवर उघडला. आत जुन्या पाकिटांचा गठ्ठा. पाठीमागे तिचं अक्षर: 'पूल? की शिडी? शिडी. पूल ती ओलांडणार नाही.' दुसऱ्यावर: 'हसली पाहिजे. मासे नकोत, तिला वास आवडत नाही.' शब्दकोड्यांचा तिला लहानपणापासून नाद. गठ्ठा तारखेने लावून, रबर घालून परत ठेवला.

२५ मार्च, बुधवार

बावीस झाली. एकाचीच वेळ उरली होती. मी पहिलं पान उघडलं, पण ओळ वाचायच्या आधीच ताईने डोळे मिटले.

"काय गं सुई, ऐक. तुझे 'हे' आले होते स्वप्नात. धक्क्यावर उभे, चप्पल उलटसुलट घातलेली..."

हे एकच तिला शब्द न् शब्द आठवलं. सोफ्याचा झोपाळा झाला नाही. 'बिल मात्र येतं' म्हणून तिथेच हसली, फक्त या वेळी हसणं मी मोडलं.

"त्या दिवसापासून दिवा मालवते," मी म्हटलं.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. तिचं शेवटचं रेकॉर्ड झालेलं वाक्य तेच. मी ते कापलं नाही.

२६ मार्च, गुरुवार

पाच तास. इस्पितळ ओळखीचं नाही, पण वास ओळखीचा. बाकावरून रेकॉर्ड रूमचं दार दिसत होतं. ट्रॉलीवर फायली उताण्या पडल्या होत्या. मी गप्प बसले. भाचीचा हात माझ्या हातात होता, की माझा तिच्या.

ऑपरेशन नीट झालं.

३० मार्च, सोमवार

घरी परतले. तेवीस स्वप्नांची आता एक प्रत क्लाउडवर, एक पेन ड्राइव्हमध्ये डेंटिस्ट बाईंच्या तिजोरीत, एक भाचीच्या फोनवर. बांधलेलं फोल्डर कसं सोडवायचं, तेही शिकून घेतलं. तीन प्रती! रेकॉर्ड रूममध्ये मी स्वतःला मेमो दिला असता. डेंटिस्ट बाई विचारत होत्या, कंपनी बदलणार का? कशाला? किल्ली कुणाकडे आहे हे तिने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

२ एप्रिल, गुरुवार

सकाळी सव्वासातला फोन वाजला. ताईचा व्हॉइस मेसेज, नऊ सेकंदांचा. आवाज नाही. श्वास, नळीतून येणारा. मागे कुठेतरी कपात चमचा. बस.

नोंद: ४१३. श्वास, चमचा.

'ऐकलं' लिहायला घेतलं. बोट तसंच राहिलं.

मला स्वप्नं पडत नाहीत. खोटं मी आयुष्यात एकदाच बोलले, तिसरीत, आणि सिस्टरांनी त्यासाठी पन्नास ओळी लिहून घेतल्या. तरीही मी खुर्चीत बसले, चष्मा पुसला, बटण दाबलं आणि म्हटलं,

"ताई, ऐक. मला काल स्वप्न पडलं. तुझीच ती बस होती, पाण्यावरची. झोपाळे होते, तू म्हणतेस तर असू देत. तू खिडकीशी. आणि... थांब हं... थांब्यावर ती पेन्सिलवाली उभी होती. नेहमीसारखी. तू हाक मारलीस. ती चढली. पान घेतलं, पावती मागितली नाही. तुझ्या शेजारी येऊन बसली. मग बस कुठे गेली ते मला कळलं नाही, पण आत ऊन होतं."

पाठवून टाकलं. आमच्या घरात स्वप्न रचून सांगणारी मी पहिलीच. आईबाबा काय म्हणाले असते?

वीस मिनिटांनी ताईचं उत्तर आलं, टाइप केलेलं. एक शब्द.

'ऐकलं.'

चार वर्षं मी तिला हेच पाठवत आले. घेणाऱ्याच्या हातात तो शब्द किती लहान लागतो, ते आज कळलं. आणि तरी तो घेऊन मी ऊन मांडीवर येईपर्यंत खिडकीत बसले.

मग तो दोन ठिकाणी ठेवला. उद्याचं काही सुचतंय का, ते एका पाकिटाच्या मागे लिहून पाहणार आहे. पेन्सिल सापडत नाही.